तिसरा थर्मामीटर

बोईसरला नाक्यावर धर्मेशची भुजिंगची गाडी. निखाऱ्यावरची कोंबडी आतपर्यंत शिजली की नाही, हे वीस वर्षं त्याची आई हंसाबाईच ठरवायची. बांगड्या मागे सारून, मांसात खुपसलेली सळई काढून मनगटाला टेकवायची आणि सांगायची. एकदाही चुकली नाही.

आता तिला फार वेळ उभं राहवेना, म्हणून धर्मेशने मोबाईलवर आकडा दाखवणारा बिनतारी थर्मामीटर मागवला. भरवशाचा आहे का, हे अर्थातच आईच्या मनगटाशी ताडून बघायचं होतं.

मोबाईलने ऐंशी अंश दाखवले, म्हणजे शिजलेली. आई म्हणाली, "कच्ची हाय." थर्मामीटर परत गेला. दुसरा आला, दुप्पट महागाचा. त्यानेही ऐंशीच दाखवले. "कच्चीच हाय रं. लोकांना असं खायला घालशील?" तोही परत गेला.

तिसऱ्याच्या वेळी आकडा पंच्याण्णववर गेला, मोबाईल नुसता बोंबलत होता आणि कोंबडी काळी पडत चालली होती. आईने सळई मनगटाला लावली आणि नेहमीपेक्षा जास्तच वेळ धरून ठेवली.

"नाय रं, गारच लागते."

कोंबडीच्या वासात धर्मेशला दुसराच वास आला. त्याने सळई हिसकावली आणि आईच्या बांगड्या वर सरकवल्या. मनगटावर दोन डाग सुकत आले होते, तिसरा ताजा होता.

 

आई वाकून बघत राहिली. "हे कदी भाजलं रं?"