तोच खड्डा

दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवले की तो खड्डा तंतोतंत बसत होता, आणि तिला नेमकं तेच खुपत होतं.

एक आलेख संग्रहालयातल्या उल्केचा, दुसरा आकाशातल्या लघुग्रहाचा. दोन्हींवरून परतलेल्या प्रकाशात एकाच जागी, जिथे प्रकाश शोषला गेला तिथे, खड्डा, उजव्या काठाला तसाच छोटा खळगा. म्हणजे दगड त्याच लघुग्रहाचा तुकडा, आणि दोन्हींवर मेणासारखं काहीतरी. उद्या हे समितीपुढे मांडलं की नोकरी कायम. तरी तिच्या येरझारा थांबेनात; इतकं तंतोतंत सहसा जुळत नाही.

"जुळलं तरी रडायचं?" नवरा म्हणाला. दुर्बीण तोच चालवायचा. "काचेचे दोष वजा करायला आधी तुलनेचा तारा घेतला. मग काचेवर दव धरलं, ते अंगठ्यानं पुसलं आणि लगेच तुझा लघुग्रह घेतला. आता काय, कडेवर आणून देऊ?"

त्यानं तिचा गाल थोपटला. दर हिवाळ्यात डोंगरावरच्या थंडीनं त्याची बोटं भेगाळायची. यंदा मऊ होती. चला, एक तरी गोष्ट सुधारली, असं तिच्या मनात आलं.

चपला पायात सरकवून ती संग्रहालयात गेलीच. उल्कांची कपाटं चिमीच्या ताब्यात. चिमी शाळेपासूनची मैत्रीण.

"हा दगड उघड्या हातानं धरलास?"

"एकदाच गं! हातमोजे सापडेनात. का, चावले मी त्याला?" चिमीनं लोण्यासारखे तळहात पुढे केले. "मलमाचा हात होता, एवढंच. घरी कढवते मी, मेण घालून. बाजारात मिळत नाही, आणि मी कुणाला देत नाही."

"मला तपासायला दे."

चिमीनं नाक मुरडत काचेच्या पट्टीवर बोटभर मलम फासलं.

प्रयोगशाळेत मलमानं तोच खड्डा दाखवला, खळग्यासकट. दगड फोडून आतला कण तपासला, खड्डा गायब.

म्हणजे उल्केच्या खड्ड्याचं सगळं श्रेय चिमीच्या बोटांना. नोकरीवर पाणी सोडायचं, पण समितीपुढे तोंडघशी पडणं तरी टळलं. तिनं उल्केचा आलेख बाजूला सारला. खाली लघुग्रहाचा उरला, त्याच खड्ड्यासकट.

लघुग्रहाला तर कुणी हात लावला नव्हता. मध्ये होती ती फक्त दुर्बिणीची काच.

घरी नवऱ्यानं दार उघडलं. "काय म्हणतोय लघुग्रह?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि पिशवीतून काचेची कोरी पट्टी काढली. "जरा अंगठा दे."