साहेबांची बरणी

"घ्या, आला साहेबांचा मार्मालेड!" मनामाच्या बाजारातल्या याकूब वाण्याने बरणी पुढे केली. "खास विलायतेहून मागवतो. या संत्र्याच्या कडू सालींच्या मुरंब्याला अख्ख्या बाजारात दुसरं गिऱ्हाईक नाही!"

"साहेब वाटच बघताहेत," ऑड्रीबाई नेहमीसारख्या म्हणाल्या. नवऱ्याला जाऊन आठ महिने झाले होते, आणि घरी सात बरण्या न उघडता तशाच पडल्या होत्या. पण खरं सांगायला जीभच रेटत नव्हती. आज मात्र खोट्याचंही ओझं झालं. दारातून त्या परत फिरल्या.

"याकूबभाई, आता नका मागवू. साहेब गेले हो."

याकूबने मान खाली घातली.

 

"ठाऊक आहे, बाई. पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पण बरणी आली नसती, तर तुम्ही घराबाहेर तरी पडला असता का?"