फुलासह नमुना

"बाई, येक हाय की शिल्लक! फुललीया बगा," कड्याच्या टोकाला पालथा पडलेला वाटाड्या कोकरे ओरडला.

मी दुर्बीण लावली. खालच्या कपारीत रानकोरफडीचा केशरी तुरा एकटाच उभा होता. गेल्या वर्षी इथे एकवीस झाडे होती. नव्या जातीचा शोधनिबंध अचूक ठिकाणाशिवाय स्वीकारला जात नाही, म्हणून मी ते प्रामाणिकपणे छापले. अभ्यासकांनी अभिनंदन केले. दुर्मीळ रोपांच्या व्यापाऱ्यांनी दोर आणले.

"आता बी पडंल, पुन्यांदा कडा भरंल," कोकरे म्हणाला.

ही जात स्वतःच्या परागांनी बी धरत नाही. दुसऱ्या झाडाचे पराग हवेत, आणि तसे झाड आता एकच उरले होते: महाविद्यालयाच्या बागेत मी अभ्यासासाठी लावलेले. कड्यावरूनच मी विभागप्रमुखांना फोन केला.

"सर, बागेतली कोरफड फुलली का?"

"गेल्या आठवड्यातच! भरगच्च तुरा," ते प्रसन्नपणे म्हणाले. "म्हणून तर लगेच मुळासकट उपटली, दाबली आणि भट्टीत खडखडीत वाळवली. फुलासह नमुना मिळतो कुठे? आता संग्रहालयाच्या दर्शनी भिंतीवर लावतोय. खाली शोधकर्ती म्हणून तुमचंच नाव घालू ना?"