गुड मॉर्निंगचा नेम

या मंडळी, जरा पुढं सरकून बसा. एका नेमाची गोष्ट सांगतो, लहानशीच आहे.

रविवारची सकाळ. कॅनडातल्या सरे शहरात, बसस्टॉपवर शैलेंद्रराव एकटेच उभे होते. त्यांच्या पत्नीला, शुभदाताईंना, जाऊन महिना झाला होता, आणि देवळात जायला बस धरायची ही त्यानंतरची पहिलीच वेळ. नेम शुभदाताईंचा, आता तो यांच्या गळ्यात पडला होता.

तो नेम आला बार्बाडोसहून. मागच्या हिवाळ्यात दोघं आठवडाभर त्या बेटावर गेली होती.

"गाडी भाड्यानं घेऊ," हे म्हणाले.

"आणि काचेतून बेट बघू? काही नको. बसनंच फिरायचं."

पिवळ्या मिनीबसा, कान फुटतील अशी गाणी, दोघांच्या सीटवर तिघं, खिडकीला खेटून समुद्र. आणि जो चढेल तो आधी सगळ्या बसला 'गुड मॉर्निंग' म्हणणार, सगळी बस त्याला उत्तर देणार! शाळेतल्या एका पोरीनं तर आपलं दप्तर खुशाल शुभदाताईंच्या मांडीवर ठेवलं. त्या हरखल्या. "अहो, आपले बुवा कीर्तनाला उभे राहिले की आधी श्रोत्यांना नमस्कार करतात ना, अगदी तस्सं!"

परतल्यावर सरेच्या बसमध्ये पाय ठेवला की शुभदाताईंचं सुरू. "गुड मॉर्निंग, एव्हरीबडी!" कुणी मान वर करत नसे.

"अगं, हे काय बेट आहे?" शैलेंद्रराव ओशाळून कुजबुजत. "उत्तर कोण देणार?"

"देव तरी कुठं लगेच देतो? म्हणून नमस्कार सोडतो का आपण?"

हॉस्पिटलातसुद्धा शेवटी तेच. "बसमध्ये बोलत जा हं. खंड पडू देऊ नका."

बस आली. शैलेंद्ररावांनी मशीनमध्ये तिकीट घातलं, वळले, तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. तसेच खाली मान घालून ते पुढच्या सीटवर टेकले.

बस हलेना. ड्रायव्हरनं दार उघडंच ठेवलं होतं. गारठा आत शिरत होता, तरी कुणी कुरकुरलं नाही. मागच्या सीटवरचे सरदारजी, कानातली वायर काढून हातात धरलेली नर्स, सगळे दाराकडे बघत होते. गुडघ्यांपायी शुभदाताईंना चढायला नेहमीच वेळ लागायचा.

शैलेंद्रराव दांडी धरून उठले.

"शी इज नॉट कमिंग," ते म्हणाले. मग, जेमतेम ऐकू जाईल इतक्या आवाजात, "गुड मॉर्निंग, एव्हरीबडी."

दार हळूच लागलं.

"गुड मॉर्निंग, भाईसाब," मागून सरदारजी म्हणाले. मग नर्स. मग आरशातून ड्रायव्हर. मग एकेक करत सगळी बस.

मंडळी, कुठल्याही गावी बसमध्ये चढाल तेव्हा आमच्या शुभदाताईंची आठवण असू द्या. ते उत्तर ऐकायचं त्यांचं राहून गेलं.