उंदीर पडलेलं घर

उंदीर ठेवायला अंकुशरावांना जागा सापडत नव्हती. घर जुनं होतं, पण नको इतकं स्वच्छ होतं. कोठीची जमीन सारवलेली, कणग्यांच्या मागची फटसुद्धा झाडलेली. कोटाच्या खिशात पुडीत बांधलेला मेला उंदीर घेऊन ते भिंती ठोकत फिरत होते आणि प्रत्येक भिंतीला "हं" म्हणत होते. घर घेणाऱ्यानं असं म्हणायचं असतं.

पाडायच्याच भिंती त्या. गुलबर्ग्यात स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्यावर, ऐन कोपऱ्याचं घर. पाडलं की खाली गाळे, वर बिऱ्हाडं. अंकुशरावांच्या डोक्यात गाळ्यांना फळ्यासुद्धा लागल्या होत्या. फक्त घराच्या मालकीण नागूबाई किंमत सोडत नव्हत्या. पण शहरात प्लेग होता, आणि ज्या घरात उंदीर मरून पडतो त्याची किंमत त्याच दुपारी निम्मी होते, हे अख्ख्या निजामाच्या मुलखाला ठाऊक होतं.

उंदीर उमाजी दलालानं आणला होता. भुसाराच्या दुकानातला, सापळ्यात मेलेला, रोगाबिगाचा नव्हे, अशी त्याची खात्रीही दिली होती. ठेवायला मात्र तो तयार नव्हता. "आपली दलाली घराची, मालक," तो म्हणाला होता. "ह्ये तुमचं तुम्ही बघा."

नागूबाई पाहुण्यांसाठी चुरमुऱ्यांचा सुसला आणायला आत वळल्या. तेवढ्यात अंकुशरावांनी पुडी सोडली, उंदीर कणगीच्या पुढ्यात टाकला आणि रिकामा कागद घडी करून पुन्हा खिशात घातला. ते नीटनेटके गृहस्थ होते.

नागूबाई परतल्या. ताटल्या खाली ठेवता ठेवता त्यांना उंदीर दिसला. अंकुशराव दचकायच्या तयारीत होते. दचकायची पाळीच आली नाही.

"अण्णा, आधी तुम्ही बाहेर व्हा," नागूबाई म्हणाल्या. "लेकराबाळांचे धनी तुम्ही."

"अक्का, घाबरू नका," उमाजी पाठ केल्यासारखं बोलला. "आता ह्या घराला कोण हात लावतंय? पण आमचे सावकार धीराचे हायत. ते घेतील. भावाचं तेवढं..."

"ते घेतील, आन् मी देईन व्हय?" नागूबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "उंदीर पडलेलं घर दुसऱ्याच्या गळ्यात बांधू? कामून, मला देव न्हाई? न्हाई विकायचं आता." मग अंकुशरावांकडं वळून त्यांनी आवाज खाली आणला. "तुम्ही घर बघायला आलाव आन् तुमच्यापुढं हे. मला तोंड वर करायला जागा न्हाई राहिली, अण्णा."

"तसं न्हाई, अक्का," अंकुशराव म्हणाले. "त्यो उंदीर..."

"तुम्ही कामून ओशाळायलाव? तुमची काय चूक हाय त्यात?"

बोलायची संधी अशी गेली. खरं सांगायचं तर ती गेल्याचं अंकुशरावांना बरंच वाटलं.

पण उंदीर पडला की घर सोडायचं आणि माळावर झोपडी घालून राहायचं, हीही रीत अख्ख्या मुलखाला ठाऊक होती. अंकुशराव तेवढी विसरले होते. नागूबाईंनी दारात जाऊन हाक दिली तशी गल्ली जागची हलली. भांडी निघाली, वाकळा निघाल्या, समोरच्या घरातून शेळी निघाली. मग नागूबाईंनी मधल्या खोलीचं दार ढकललं. ही एकच खोली त्यांनी दाखवली नव्हती. आत बाळंतिणीची बाज होती.

सून अंबुबाई. डोक्याला फडकं, कुशीत तान्हं, बाजेखाली निखाऱ्याची शेगडी. नवरा हैदराबादला गिरणीत होता. सव्वा महिना झाला की सगळ्यांनी तिकडंच जायचं, म्हणून तर घर विकायला काढलं होतं.

"आत्या, वारं लागंल न्हवं पोराला," ती म्हणाली.

"लागू दे. वाऱ्यातून पोर उठतंय तरी, ह्या रोगातून न्हाई."

बाजेला चार माणसं लागतात. शेजारचा बंडेप्पा आला, त्याचा भाऊ आला. उमाजी दाराकडं सरकत होता, त्याला बंडेप्पानं धोतराला धरून आणलं. चौथ्या कोपऱ्याला माणूस नव्हतं. तिथं अंकुशराव गेले.

बाहेर वारा धूळ उडवत होता. परक्या पुरुषांपुढं अंबुबाईनं पदर तोंडावर ओढून घेतला, मग पोराच्या तोंडावर घालायला तो पुरला नाही. पोर रडू लागलं.

उंदीर मी टाकला, एवढं म्हणायचं होतं. वाक्य लहानच होतं. म्हटलं असतं तर बाज तिथल्या तिथं माघारी नेता आली असती. कोपऱ्यापर्यंत म्हणू, असं अंकुशरावांनी ठरवलं. कोपरा आला आणि मागं गेला.

"मालक," उमाजी पुढून कुजबुजला, "महिन्यात ताळ्यावर येती बगा. ओस घर कुठवर सांभाळंल?"

"गप," अंकुशराव म्हणाले.

नागूबाई शेगडी घेऊन बाजेबरोबर चालत होत्या आणि रस्त्यावर भेटेल त्याला सांगत होत्या. "घर बघायला आलेला माणूस हो. सख्खे दारं लावून बसलेत, आन् ह्यांनी बाजेला हात लावला." एका म्हाताऱ्यानं थांबून अंकुशरावांना हात जोडले. अंकुशरावांचे हात गुंतलेले होते, त्यामुळं त्यांना उलट नमस्कार करावा लागला नाही. तेवढीच सुटका.

शहराबाहेर माळ लागला तशी बाज लिंबाखाली टेकवली. नागूबाईंनी पोराच्या डोळ्यांतली धूळ पुसली, पोर गप झालं.

"अण्णा, तुमचं नाव तरी सांगा," त्या म्हणाल्या. "ह्या उमाजीनं नुसतं सावकार म्हणून आणलं. पोराला तुमचंच नाव ठेवते. काय गं?"

अंबुबाईनं पदराआडून मान हलवली. बंडेप्पाही ऐकायला जवळ सरकला.

अंकुशरावांनी आपल्या धाकट्या मेहुण्याचं नाव सांगितलं.