प्रोटीन कमी निघालं

डॉक्टर निशिगंधा रिपोर्ट वाचत होत्या आणि बाबूसिंग त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत होता. शेजारी बायको रुपीबाई पदराचं टोक पिळत बसली होती. मागे भिंतीला टेकून धावजी उभा होता. तो बाबूसिंगचा लहानपणापासूनचा जोडीदार. दिग्रसजवळच्या तांड्यावरून दोघांना यवतमाळला तोच घेऊन आला होता.

या रिपोर्टची वाट पाहत तीन आठवडे बाबूसिंग धड जेवला नव्हता. मूत्राशयात कॅन्सरची गाठ होती. मूत्राशयच काढून लघवीसाठी पोटावर बाहेरून पिशवी लावायची, नाहीतर ते शाबूत ठेवून किरणांचा शेक द्यायचा. शेकाचा गुण येईल का, याचा अंदाज घ्यायला गाठीचा तुकडा मुंबईला पाठवला होता. त्यात एक प्रोटीन भरपूर निघालं, तर आशा. प्रोटीन म्हणजे काय, हे बाबूसिंगला ठाऊक नव्हतं. तरी त्याच्यासाठी त्यानं सेवालाल महाराजांना नारळ बोलला होता.

"काका, प्रोटीन फारच कमी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "नुसत्या या तपासणीवर मी विसंबणार नाही, पण गाठही मोठी आहे. शेकात वेळ घालवू नका. ऑपरेशन करून घ्या."

बाबूसिंग उठला. पायानं चपला चाचपू लागला.

"मंग राहू द्या, म्याडम. पोटावर मूत घेऊन फिरन्यापेक्षा मेलेलं बरं. कोन जवळ बसू देईल मले?"

"असं काहून बोलता जी?" रुपीबाईला रडू फुटलं.

त्यानं तिच्याकडे पाहिलंही नाही. तो दाराकडे वळला, तसा धावजी आडवा आला. आता हा समजूत घालणार, या विचारानंच बाबूसिंगचं डोकं फिरलं.

"सरक बाजूले."

धावजी हलला नाही. त्यानं एकदा रुपीबाईकडे पाहिलं, मान खाली घातली आणि सदरा वर केला. बेंबीच्या उजव्या अंगाला एक पारदर्शक पिशवी चिकटलेली होती.

"नऊ वर्सं झाले," तो पुटपुटला. "लेकीकडं हैदराबादले गेलतो ना, ते याच्यासाठीच. माह्या बायकोबिगर कोनाले मालूम नाही. तवापासून दर होळीले तुह्या खांद्यावर हात टाकून नाचून राह्यलो मी. तुले कधी वास आला का?"