कर्नलची यादी

"आज यादी लागते म्हणे," चंपतराव पेंटर ओट्यावर रंगाचा डबा ठेवत म्हणाला. "म्हटलं, बोलावणं यायच्या आधीच जावं."

"अजून फोन नाई आला," देवाजी म्हणाले. "बस गुमान."

तलमडुगूतल्या त्या ओट्यावर रेंज फक्त उजव्या खांबाजवळ येत असे. देवाजी सकाळपासून खांबाला टेकून बसले होते, फोन मांडीवर.

तरक्की हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. तहसीलच्या दफ्तरात त्यांनी चौतीस वर्षं कारकुनी केली. त्यात एक तरक्की मिळाली, तीही निवृत्तीला अकरा दिवस उरले असताना. त्यातले चार सुटीचे निघाले. बढतीची मिसल, म्हणजे फाईल, कुठे अडकली होती हे त्यांना माहीत होतं, कारण ती त्यांच्याच कपाटात होती. वरून कोणी मागितली नव्हती, आणि न मागितलेली मिसल पुढे पाठवणं नियमात बसत नव्हतं.

फौजेचं तसं नाही. लेफ्टनंटचा कॅप्टन दोन वर्षांत, मेजर सहा वर्षांत, लेफ्टनंट कर्नल तेरा वर्षांत. दणादण. त्यांचा अमरदीप २००९ च्या बॅचचा. तिन्ही वेळा देवाजींनी ठरल्या तारखेला पेढे वाटले, आणि तिन्ही वेळचं रंगकाम चंपतरावनेच केलं.

बातमी मात्र दर वेळी हर्षदीप द्यायचा. तो चंद्रपूरचा, त्याच बॅचचा, अकादमीत अमरदीपच्या शेजारच्या खाटेवरचा. "माही झाली बाबा, म्हंजे त्याचीई झाली," एवढंच सांगायचा. देवाजींना ते पटायचं. एका यादीतून निघालेल्या दोघांपैकी एकाला मागे ठेवता येत नाही. नियमच आहे.

पण कर्नलची गोष्ट वेगळी. तिथे वर्षं मोजत नाहीत. बोर्ड बसतं, निवड करतं. भलेभले राहून जातात.

"आन् नाई झाला तं?" पंचफुलाबाई दारात उभ्या होत्या. हातात पेढ्यांचा डबा होता. तो उघडायचा की नाही, ते ठरलं नव्हतं.

"काऊन नाई होणार? खोट हाय का त्याच्या कामात?"

"खोट तुमच्याई कामात नोती."

देवाजींनी फोनची रेंज पुन्हा तपासली.

चंपतराव म्हणाला, "वैनी, यावक्ती एक ताराच वाढवाचा हाय. मले तेच बरं. मेजर झाला तवा ते तीन सिंह काढता काढता जीव गेला. लोकं म्हणत, मांजरी हायेत."

"मांजरीच होत्या," पंचफुलाबाई म्हणाल्या. "एकीले तं मिशाई नोत्या."

"मी राह्यलो ते राह्यलो," देवाजी एकदम म्हणाले. "माहा पोरगा नाई राहाले पाह्यजे."

तेवढ्यात फोन वाजला. देवाजींनी तो खांबाला चिकटवूनच कानाला लावला.

"जय भीम, बाबा."

"जय भीम. बोल."



"मी राह्यलो, बाबा. यादीत नाव नाई माहं."

देवाजींनी खांब धरला. एक राहिला तर दुसऱ्याचं काय, हा हिशेब त्यांच्याइतका कोणाला पाठ नव्हता. त्यांनी पुढचं विचारलंच नाही.

"अमरदीप झाला," हर्षदीप म्हणाला.

"काय म्हणतं?"

"कर्नल झाला, बाबा. एकमतानं झाला. कोणाचीच हरकत नोती."

देवाजींमधला कारकून जागा झाला. "तू खचू नोको. तुले अजून दोन मोके हायेत. तुहा कागद कोण्या कपाटात पडून राह्यला, ते पाह्य आधी."

"पाह्यतो, बाबा."

पंचफुलाबाईंनी डब्याचं झाकण काढलं.

देवाजी इस्त्रीचा सदरा घालून घरोघर गेले. "माहा पोरगा कर्नल झाला," एवढं एकच वाक्य, पण प्रत्येक दारात ते पहिल्यांदाच सांगितल्यासारखं. किराणावाले बापूजी गल्ल्यावरून उठून उभे राहिले. मथुराबाईंनी पेढा आधी कपाळाला लावला. "सोळा वर्सांत कर्नल! लेकानं बापाचं नाव काढलं," असं सगळे म्हणाले. जादा प्रश्न कोणी विचारला नाही.

शेवटी देवाजी आणि पंचफुलाबाई शाळेसमोरच्या चौकात आले. चंपतराव तिथे आधीच स्टुलावर उभा होता. त्याने ब्रश सोनेरी रंगात बुडवला.

"देवाजीभाऊ, कर्नल म्हंजे आता वय दिसलं पाह्यजे. कानापाशी थोडे केस पांढरे करू का?"

"काळेच राहू द्या," पंचफुलाबाई म्हणाल्या.

चंपतरावने पुतळ्याच्या दोन्ही खांद्यांवर एकेक तारा वाढवला आणि उतरताना, दर वेळेसारखी, चौथऱ्याच्या दगडात कोरलेली ओळ ओल्या फडक्याने पुसली: लेफ्टनंट अमरदीप देवाजी, वीरमरण ११ मार्च २०११, वय तेवीस.